पहाटे न उघडणारा व्हॉल्व्ह: वर्कशॉपच्या नोंदी

८ डिसेंबर

काटोल तालुक्यातल्या संत्रा बागेत नोव्हेंबरात १२ व्हॉल्व्ह कंट्रोलर बसवले होते. आज बागवाल्या काकांचा फोन आला. "दुपारी बरोबर चालते भाऊ, पहाटे मात्र वाल्व उघडतच नाही." दोन बोर्डांची ही तक्रार.

मोठ्या झाडांना आंबिया बहारासाठी ताण दिलेला आहे, म्हणजे पाणी तोडलेलं आहे, त्यामुळे तिकडचे व्हॉल्व्ह सध्या बंदच असतात. पाणी चालू आहे ते फक्त तीन वर्षांच्या झाडांच्या प्लॉटला, म्हणून दोष तिथे उघडा पडला. बाकीच्या १० बोर्डांचं खरं काय ते ताण तोडायच्या दिवशीच कळणार. त्या दिवशी एखाद्या भागाला पाणी गेलं नाही, तर तिथली फूट मागे पडेल आणि बहार एकसारखा धरणार नाही. एका माणसाचं वर्षाचं उत्पन्न त्यावर आहे. काकांना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सोडायचं आहे. म्हणजे माझ्याकडे महिना आहे.

४० बोर्डांच्या त्याच लॉटमधले २८ वर्कशॉपमध्ये पडून आहेत. आज रात्री ते गच्चीवर ठेवतो.

९ डिसेंबर

पहाटे साडेपाचला गच्चीवर चाचणी घेतली. २८ पैकी ५ बोर्डांवर एखादा तरी रिले (चुंबकाने ओढला जाणारा स्विच) ओढला गेला नाही. तेच बोर्ड खाली आणून उन्हात ठेवले, तर अकरा वाजता पाचही व्यवस्थित चालले. कोरडा जोड असेल म्हणून भिंगाखाली एकेक जोड पाहिला. सोल्डर चांगली बसलेली आहे.

१० डिसेंबर

रिले ओढायला प्रत्येक बोर्डावर चार २एन७००० मॉसफेट आहेत. मॉसफेट म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच: गेटवर पुरेसं व्होल्टेज आलं की ड्रेन आणि सोर्समधली वाट उघडते. जे रिले अडले, त्यांचे मॉसफेट काढून मोजले. चांगल्या मॉसफेटच्या गेट आणि सोर्समध्ये मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं दिसतं. यांच्यात ६ ते ११ किलोओहम आले.

आता पहाटेचं कोडं सुटतं. माझ्या सर्किटमध्ये गेटच्या आधी १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. गेटच गळकं असेल तर कंट्रोलरच्या ५ व्होल्टपैकी गेटवर उरतात साधारण १.९ ते २.६. २एन७००० चालू होण्याचा उंबरठा ०.८ ते ३ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि तापमान वाढलं की तो थोडा खाली येतो. म्हणून दुपारी जेमतेम जमतं आणि गारठ्यात जमत नाही.

माल खोटा निघाला, असं मी लगेच धरून चाललो. दुकानदाराला फोन केला तेव्हा आवाजही चढला होता.

१३ डिसेंबर

नागपूरच्या सीताबर्डीतून, दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचे १०० मॉसफेट आणले. पाकिटातून काढल्या काढल्या २० मोजले, वीसही उत्तम. आमच्याकडे बोर्ड जोडणाऱ्या मावशींनी त्यांतून पाच बोर्ड केले. संध्याकाळी पुन्हा मोजले, तर वीसपैकी तीन गळके.

दोन दुकानं, दोन कंपन्या आणि दोष एकच. माल आमच्या टेबलावर येईपर्यंत चांगला असतो. पहिल्या दुकानदाराला परत फोन करून माफी मागितली.

१४ डिसेंबर

आज काम न करता सकाळभर नुसता टेबलाशेजारी बसून राहिलो.

मावशी सनमायका लावलेल्या टेबलावर काम करतात. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. अंगात ॲक्रिलिकचा स्वेटर, खाली सिंथेटिक साडी. चार-चार मॉसफेट हाताशी असावेत म्हणून त्यांनी ते थर्माकोलच्या तुकड्यात पाय खुपसून ओळीने उभे केलेले. थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला, दाणेदार, पांढरा. एक मॉसफेट उपटला की त्याच्या पायाला थर्माकोलचा एक दाणा चिकटून येतो. फुंकर मारली तरी उडत नाही, बोटाने झटकला की बोटाला चिकटतो. गेली दोन वर्षं हा दाणा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो कशाने चिकटतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मावशींना विचारलं, हाताला कधी झटका बसतो का? त्या म्हणाल्या, "आलमारीले हात लावला की चटका बसते ना भाऊ. रोजच बसते. थंडीत होतेच ते."

हायग्रोमीटर दुपारी दोनला हवेत २४ टक्के आर्द्रता दाखवत होता.

१५ डिसेंबर

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत मदतीला आला आहे. त्याचा प्रश्न: "मामा, चटका कपाटाला बसतो, मॉसफेटला हात लावताना तर काहीच जाणवत नाही. मग तो मरतो कसा?" चटका बसतो तो घासण्याने अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा, म्हणजे स्टॅटिकचा. त्याचं गणित त्याला कागदावर करून दाखवलं. तेच इथे लिहितो.

माणसाच्या शरीराची धारिता (विजेचा भार साठवायची क्षमता) चाचणीसाठी १०० पिकोफॅरड धरतात आणि रेझिस्टन्स १,५०० ओहम. चटका आपल्याला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. त्याखाली ठिणगी पडली तरी बोटाला कळत नाही. २एन७०००च्या गेटची धारिता जास्तीत जास्त ५० पिकोफॅरड आणि गेटवर परवानगी २० व्होल्टची. शरीरावरचा भार गेटवर वाटला गेला की शरीराच्या व्होल्टेजपैकी दोन-तृतीयांश गेटवर येतं. म्हणजे अंगावर ३० व्होल्ट असले की गेट मर्यादेला टेकलं. गेटखालचा काचेसारखा ऑक्साइडचा थर प्रत्यक्षात फुटतो तो या मर्यादेच्या काही पट वर. पण काही पट म्हटले तरी शंभर-दोनशे व्होल्ट. जाणवायला ३,००० लागतात. मधल्या सगळ्या पट्ट्यात माणूस शांतपणे काम करत असतो आणि खालचा थर फुटत असतो.

ऑक्साइडचा थर जाडीच्या दर नॅनोमीटरमागे साधारण एकच व्होल्ट सोसतो. फुटला की आरपार सूक्ष्म भोक पडतं, ते परत भरून येत नाही.

हवेचा भाग किती मोठा आहे, ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८० च्या हँडबुकातल्या तक्त्यात दिसतं. गालिच्यावरून चाललं तर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्ट, ६५ ते ९० टक्क्यांत १,५००. टेबलावरून साधी प्लॅस्टिकची पिशवी उचलली तर २०,००० विरुद्ध १,२००. मागच्या पावसाळ्यात याच टेबलावर केलेले बोर्ड का टिकले, त्याचं उत्तर मिळालं. आमची पद्धत तेव्हाही हीच होती. हवा ओली होती, एवढंच.

१७ डिसेंबर

जे मरतं त्यालाच साक्षीला बसवलं. एक चांगला २एन७००० घेतला, गेटला बोटभर तार लावून मोकळी सोडली, ड्रेनला एलईडी आणि १ किलोओहम, वर ९ व्होल्टची बॅटरी. तारेला हात मात्र लावायचा नाही, नाहीतर साक्षीदारच जातो.

मावशी खुर्चीवरून उठल्या तरी एलईडी लागतो किंवा विझतो. चिकटपट्टी रोलवरून सर्रकन ओढली, दोन हात अंतरावर दिवा बदलला. थर्माकोलचा तुकडा जवळ नेला की दिवा अडकूनच बसतो. स्वेटर डोक्यावरून काढला तेव्हा तर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही फरक दिसला. मला धक्का दिला तो सोल्डर ओढायच्या पंपाने. दट्ट्या दाबून खटकन सोडला की त्याच्या प्लॅस्टिकच्या टोकाशी दिवा नाचतो, आणि हे टोक आपण थेट पायांवर टेकवतो.

मावशी बराच वेळ ते पाहत राहिल्या. मग उठून थर्माकोलचे सगळे तुकडे स्वतःच बाहेर टाकून आल्या.

२० डिसेंबर

अंगावरचा आणि टेबलावरचा भार जमिनीत उतरवणारी मॅट आणि मनगटपट्टा मागवला आहे. तो यायच्या आत अर्थिंग पाहून घेतलं आणि ते बरं झालं. टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजलं, आकडा १३० व्होल्टच्या आसपास तरंगतो. तिसऱ्या पिनची तार भिंतीत कुठेतरी तुटलेली आहे. अशा सॉकेटला पट्टा जोडला असता तर तो कशालाच जोडलेला नसता.

भाच्याने विचारलं की न्यूट्रल तरी शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो ना, मग त्याला लावला तर? नाही. न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल कोणी उलटे जोडले की त्या तारेवर २३० व्होल्ट येतात आणि ती तार माणसाच्या मनगटावर असते.

वायरमन काकांना बोलावलं. मागच्या अंगणात खड्डा, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नळकांडं. दिवस गेला. संध्याकाळी फेज ते अर्थ २३१, न्यूट्रल ते अर्थ २ व्होल्टच्या आत. काकांनी फेज आणि अर्थमध्ये टेस्टलॅम्प लावून दाखवला, पूर्ण उजेडाने लागला. हे काम त्यांचंच, आपण करायचं नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचं, असं बजावून गेले.

सोल्डरिंग आयर्नही पाहिलं. दोन पिनांचं जुनं आयर्न तापलेलं असताना टोक ते अर्थ मीटर ७० व्होल्ट एसी दाखवत होतं. गळती बारीक असते, बोटाला कळत नाही, पण गेटला तेवढीही नको. तीन पिनांचं नवं घेतलं. टोक ते अर्थ पिन १.३ ओहम. हे दोन ओहमच्या आत असावं.

२४ डिसेंबर

मॅट आली, टेबलावर अंथरली. मॅट, पट्टा आणि टेबलाची लोखंडी चौकट, तिघांच्या तारा एकाच बोल्टवर आणल्या आणि तिथून एक तार अर्थला. सगळ्याचा गाभा या बोल्टमध्ये आहे. माणूस, मॅट, बोर्ड, आयर्न हे सगळे एकाच पातळीवर आले की भार वाहायला कारणच उरत नाही.

पट्ट्याच्या कॉर्डमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. भाच्याच्या कॉलेजातल्या एकाने उघडी तार मनगटाला गुंडाळून काम भागवलेलं त्याने पाहिलं आहे. ते जिवावरचं आहे. काम करताना दुसरा हात २३० व्होल्टला लागला, तर १ मेगाओहममधून ०.२३ मिलिअँपिअर जातं, जेमतेम जाणवेल न जाणवेल इतकं. उघड्या तारेत अडवणारं काहीच नाही. स्टॅटिकचा भार मात्र १ मेगाओहममधूनही सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरून जातो, म्हणून त्या रेझिस्टरने संरक्षण कमी होत नाही. आणि चालू मेन्सच्या उघड्या सर्किटवर हात घालायचा असेल तेव्हा पट्टा काढूनच ठेवायचा.

थर्माकोल, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचे डबे हे सगळं मॅटपासून किमान ३० सेंटीमीटर लांब. यांना अर्थ करून उपयोग नसतो. भार जिथे बसला तिथेच राहतो, वाहून जात नाही.

२८ डिसेंबर

पट्टा घालून मावशी बसल्या आणि तरी दिवा नाचला.

कॉर्ड वेगळी मोजली, १.०२ मेगाओहम, बरोबर. मग मावशींनी एका हाताने मीटरची पिन चिमटीत धरली, दुसरी पिन बोल्टला. आकडा ३५ मेगाओहमच्या वर. मानकात हीच मर्यादा आहे. माझ्या हाताला तेच मोजलं तर ४ येतात.

पट्टा बांगड्यांच्या वर बांधलेला होता. काचेच्या बांगड्या, त्यांच्यावर पट्टा, कातडीला तो धड टेकतच नव्हता. आणि दुसरं असं, की थंडीत हात फुटतात म्हणून त्या रोज सकाळी हाताला खोबरेल चोळून येतात. तेल विजेला अडवतं.

बांगड्या काढा असं मी म्हणणार नव्हतो, त्याची गरजही नव्हती. मावशींनी स्वतःच त्या कोपराकडे सरकवल्या आणि पट्टा खाली मनगटाच्या हाडाशी घट्ट केला. खोबरेलाऐवजी पट्ट्याखाली ग्लिसरीनचा एक थेंब. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं. बोटांना मात्र लावायचं नाही, बोर्डाच्या पॅडवर लागलं तर सोल्डर धरणार नाही. आकडा ६ मेगाओहमवर आला. फुटलेल्या हातांना तेल लावायचंच असेल तर ते काम संपल्यावर घरी जाताना.

आजपासून दाराशी वही टांगली. सकाळी बसायच्या आधी प्रत्येकाने आपला आकडा मोजून लिहायचा. मीही.

३ जानेवारी

पाकिटांची चाचणी. गुलाबी आणि चंदेरी, दोन्हींना दुकानात ‘अँटिस्टॅटिक’च म्हणतात. दिव्याचं सर्किट उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून आधी गुलाबी पिशवीत ठेवलं आणि केसांवर घासलेला कंगवा वरून फिरवला. दिवा बदलतो. गुलाबी पिशवी स्वतः भार धरत नाही, पण बाहेरचा भार आत जायला आडकाठी करत नाही. चंदेरीत ठेवून तोंड दुमडलं आणि तोच कंगवा फिरवला. आतला दिवा अंधुक दिसतो, पण हलत नाही. तिच्या थरांत धातूचा पातळ पापुद्रा असतो. तोंड उघडं ठेवलं की पुन्हा बदलतो.

म्हणून बागेपर्यंतचा प्रवास चंदेरीत, तोंड दुमडून. गुलाबी फक्त वर्कशॉपच्या आत, स्क्रू आणि कागद ठेवायला.

७ जानेवारी

नव्या पद्धतीने २० बोर्ड, ८० मॉसफेट. सगळे पुन्हा मोजले. गळका एकही नाही. गच्चीवरच्या पहाटेच्या चाचणीतही वीसही बोर्ड चालले. पहाटे ९ अंश होते.

९ जानेवारी

एक प्रश्न छळतो आहे. बागेतले जे १० बोर्ड ‘चालतात’, त्यांचं काय करायचं? थर पूर्ण न फुटता नुसता दुखावलेला असू शकतो. तो आज चालतो, दोन महिन्यांनी जातो.

काल संध्याकाळी काटोलला जाऊन त्यांतले तीन काढून आणले, जागी नवे लावले. १२ मॉसफेट मॅटवर जपून काढले. साध्या मीटरच्या ओहममध्ये सगळे निर्दोष. मग २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर मीटर गेटच्या वाटेतच बसवला: ९ व्होल्टची बॅटरी, तिथून मीटर, मीटरमधून गेट, आणि सोर्स परत बॅटरीला. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम, म्हणजे १० नॅनोअँपिअर गळती झाली की १०० मिलिव्होल्ट दिसतात. २एन७०००च्या डेटाशीटमध्ये गेटची गळती १० नॅनोअँपिअरपर्यंतच चालते. बारापैकी दहा १ मिलिव्होल्टच्या खाली. दोन रेंजच्या बाहेर.

हे दोन काढताना दुखावले असतील का? नाही म्हणता येत नाही. पण त्याच हाताने, त्याच मॅटवर ते दहा सुखरूप निघाले.

सगळे बदलायचे. पैसे मागायचे नाहीत.

१२ जानेवारी

काटोल. उरलेले ९ बोर्ड बदलले. पेटीच्या लोखंडाला आधी हात, मग पिशवीचं तोंड उघडायचं, हा क्रम भाच्याला आता सांगावा लागत नाही. काकांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं, चूक आमची होती हेही. ते म्हणाले, "ताण तुटाच्या आधी सांगितलं ना, बस झालं."

१६ जानेवारी

पहाटे पाचला ताणाचं पहिलं हलकं पाणी सुटलं. आम्ही दोघं बागेतच होतो. बाराही व्हॉल्व्ह उघडले. काका बॅटरी घेऊन प्रत्येक ओळीच्या शेवटच्या ड्रिपरपर्यंत चालत गेले आणि आले.

२२ मार्च

कूलर लागला. आर्द्रता १९ वरून ५६ टक्क्यांवर, आणि दिव्यासमोर चिकटपट्टी ओढली तरी तो आता कष्टाने बदलतो. ओल आली की प्लॅस्टिकवरचा भारही आपोआप उतरतो.

दुपारी पाहिलं तर वहीत दोन दिवसांचे आकडे नाहीत. कूलर आहे म्हणून पट्टा नको, असं सगळ्यांनीच न बोलता ठरवून टाकलेलं. वीज गेली की तासाभरात हवा परत विशीत येते, आणि उन्हाळ्यात वीज जातेच. पट्टा राहील. कूलरचा झोतही टेबलावरून वळवला, कारण ओल्या वाऱ्याने उघड्या डब्यातल्या पार्टांचे पाय काळे पडायला लागले होते.

पुढच्या आवृत्तीत रिलेसाठी मॉसफेट ठेवायचाच नाही. रिलेच्या कॉइलला ३० मिलिअँपिअर लागतात, त्याला बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला २.२ किलोओहम पुरतात. त्याच्या आत तो पातळ थरच नाही. तोही अमर नाही, पण याच्यापेक्षा कितीतरी दणकट आहे. सेन्सरच्या टर्मिनलना टीव्हीएस डायोड (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारे), कारण बागेतल्या लांब तारा उघड्यावर असतात.

१८ एप्रिल

सकाळी मावशींनी पट्टा मोजला आणि हाक मारली. आकडाच येत नाही. कॉर्ड वेगळी मोजली. बटणाजवळ वाकवली की मीटर उघडं सर्किट दाखवतं, सरळ केली की १.०१ मेगाओहम. वरचं आवरण शाबूत आहे, आत तार तुटली आहे.

वहीत काल सकाळचा आकडा ५.८, व्यवस्थित. म्हणजे तुटली ती कालच्या दिवसात कधीतरी. कालचे ६ बोर्ड वेगळ्या चंदेरी पिशव्यांत घालून वर तारीख टाकली. नवी कॉर्ड लावली, मोजली, मावशी कामाला बसल्या. त्या ६ बोर्डांवरचे २४ गेट उद्या मिलिव्होल्टवर मोजायचे.